तोफ उरते, बैठक हरवते

१/८
कंधारच्या किल्ल्याचा विषय निघाला की राष्ट्रकूट आणि पाण्याने भरलेला खंदक आठवतो. या थ्रेडमध्ये बुरुजांच्या माथ्याकडे पाहू. तोफ जपायची, तर ती जेथे बसत होती ती बैठकही जपली पाहिजे, हे माझे मत.

२/८
१६३१ मध्ये शाहजहानचा सरदार नासिरी खान याने वेढा घालून व सुरुंग उडवून कंधार निजामशाहीकडून घेतले. विंडसरच्या राजसंग्रहातील ‘पादशाहनामा’च्या हस्तलिखितात या वेढ्याचे चित्र आहे. अफगाणिस्तानातील कंदाहार निराळे!

३/८
बुरुजावरची जड तोफ फिरवायची कशी? दख्खनमध्ये अनेक ठिकाणी तोफेच्या दोन्ही अंगांचे आडवे दांडे लोखंडी दुबेळक्यात टेकवत. दुबेळक्याचा खुंटा दगडी बैठकीच्या खळग्यात फिरे. म्हणजे वीतभर खळगा हा तोफेच्या यंत्रणेचाच भाग होय.

४/८
खळग्याची जागा, तटातील झरोक्याची दिशा आणि बुरुजाची उंची मोजली, की ती तोफ कोणता टापू राखत होती, हे उमगते. रिचर्ड ईटन व फिलिप वॅगनर यांनी रायचूर, कल्याणी येथील बांधकामांतून इतिहास असाच वाचला (ग्रंथ २०१४).

५/८
मलिक-ए-मैदान १५४९ मध्ये अहमदनगरास ओतली गेली. १६३२ मध्ये परंड्याहून विजापुरास गेली. परंड्यात ती कोणत्या दिशेला रोखलेली होती, हे तोफेवरील अक्षरे सांगत नाहीत. ते परंड्याच्या बुरुजालाच विचारावे लागेल.

६/८
‘बुरुजावर तोफ चोरीस जाईल, खाली आणलेली बरी’ हा युक्तिवाद रास्त आहे. पण नोंद न करता तोफ प्रवेशद्वारी चौथऱ्यावर मांडली आणि माथ्यावर सिमेंटचा कोबा घातला, तर उरते ती केवळ शोभेची वस्तू.

७/८
म्हणून क्रम ठरवावा : आधी मोजणी, मग डागडुजी. प्रत्येक बुरुजाला क्रमांक, बैठकीचा आराखडा, छायाचित्रे, दिशा. पुरातत्त्व विभागाच्या परवानगीने नांदेड-लातूरच्या महाविद्यालयांतील इतिहासाचे विद्यार्थी हे काम करू शकतील. फीत, होकायंत्र आणि चिकाटी एवढे भांडवल आरंभास पुरे.

८/८
२०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या मराठा लष्करी स्थळांतील बारा किल्ल्यांत मराठवाड्यातील एकही नाही. ती यादी मराठ्यांच्या दुर्गांची. त्याबद्दल तक्रार नाही. पण मोजणीला मानांकनाची वाट पाहावी लागत नाही. कंधारचे फारसी शिलालेख गुलाम याझदानी यांनी निजामकाळातच वाचून प्रसिद्ध केले. अक्षरांना वाचक लाभला. आता खळग्यांनाही लाभावा, ते बुजण्यापूर्वी.