रापणीचा हक्क आणि पर्ससीनचा युक्तिवाद

रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावर खारवी, कोळी, दालदी, गाबीत, भोई अशा अनेक समाजांचा निर्वाह पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर आणि खाडीवर चालत आला असून, पर्ससीन मासेमारीमुळे त्यांतील लहान मच्छीमारांच्या हाती पूर्वीसारखी मासळी लागत नाही, ही तक्रार आता जुनी झाली आहे. तिला दिले जाणारे उत्तर मात्र अद्याप पुरेसे तपासले गेलेले नाही. परंपरागत मासेमारीचे उत्पादन अल्प असते, तिच्यामागील ज्ञान अनुमानधपक्याचे असते, आणि ज्यांनी स्वतः होडीला इंजिन लावले व नायलॉनचे जाळे घेतले त्यांना परंपरेच्या नावाने संरक्षण मागता येत नाही, असा हा पूर्वपक्ष आहे.

यातील उत्पादनाचा मुद्दा वरकरणी सर्वांत भक्कम वाटतो. पर्ससीन म्हणजे माशांच्या थव्याभोवती गोलाकार सोडले जाणारे आणि तळाच्या कड्यांतून ओवलेली दोरी आवळताच बटव्यासारखे बंद होणारे प्रचंड जाळे. त्याच्या एका फेऱ्यात बांगडा किंवा तारली यांचा संपूर्ण थवा सापडू शकतो. रापण या परंपरागत पद्धतीत होडीने जाळे अर्धवर्तुळाकार सोडून त्याचे दोन्ही दोर पुळणीवर उभ्या असलेल्या माणसांनी ओढायचे असतात, त्यामुळे किनाऱ्याजवळ आलेली मासळीच तिच्या आवाक्यात येते. पण दोन्ही जाळ्यांचा डोळा बहुतांशी त्याच थव्यांवर असतो, हे लक्षात घेतले की बाहेरच्या पाण्यात आधी उचललेली मासळी सर्वस्वी नवे उत्पादन ठरत नाही. तिचा काही भाग रापणकरांच्या पदरातून काढून घेतलेला असतो. शिवाय रापणीच्या मासळीचे वाटे पडतात, आणि होडी व जाळ्याच्या मालकांप्रमाणेच दोर ओढणाऱ्यालाही त्यात वाटा असतो. पर्ससीन नौकेवर मोठे भांडवल गुंतलेले असल्याने प्राप्तीचा ओघ मालकाकडे वळतो. तेथे राबणारे खलाशी, ज्यांत नेपाळहून आलेले अनेकजण आहेत, तेही पोटासाठीच आलेले आहेत आणि त्यांच्यावर रोष धरणे अन्यायाचे होईल. प्रश्न आहे तो त्या नौकांची संख्या आणि क्षेत्र कोणी ठरवायचे, हा.

शासनालाही ही बाजू नाकारता आलेली नाही. पर्ससीन मासेमारीविषयी नेमलेल्या डॉ. सोमवंशी समितीच्या शिफारशींनंतर राज्य शासनाच्या ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीन मासेमारी सप्टेंबर ते डिसेंबर या महिन्यांपुरती मर्यादित केली गेली आणि परवान्यांची संख्या अखेरीस १८२ वर आणण्याचे ठरले. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्राने एलईडी दिव्यांच्या साहाय्याने होणाऱ्या मासेमारीवर बंदी घातली. परंपरागत मासेमारी निरुपयोगी असती, तर असे निर्बंध घालण्याचे प्रयोजनच उरले नसते.

ज्ञानाविषयीच्या आक्षेपाला उत्तर ध्रुवप्रदेशातून मिळते. अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावरील इन्युपिआट ही इन्युइट या ध्रुवप्रदेशातील मूळ रहिवासी लोकसमूहाची एक शाखा असून, बोहेड देवमाशाची शिकार हा तिच्या आहाराचा आणि समाजजीवनाचा आधार आहे. हे देवमासे दोनेक हजारांच्या आत उरले आहेत असे मानून १९७७ मध्ये आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाने ही शिकार थांबवण्याचा निर्णय घेतला. बर्फाच्या काठावर उभे राहून केलेली ही गणना अपुरी आहे, कारण देवमासे बर्फाखालूनही जातात आणि नजरेपलीकडच्या दूरच्या पाण्यातूनही जातात, असे शिकारी सांगत राहिले. पुढे पाण्याखालील ध्वनिग्राहकांच्या साहाय्याने मोजणी झाली, तेव्हा त्यांचे म्हणणे खरे ठरले आणि अंदाज कितीतरी पटींनी वाढवावे लागले. उधाण आणि भांग, म्हणजे मोठ्या व लहान भरती-ओहोटीचे दिवस, मतलई वाऱ्याचे बळ, पाण्याचा बदलता रंग आणि पक्ष्यांची झेप यांवरून मासळीचा ठाव घेणाऱ्या रत्नागिरीच्या तांडेलाचे, तसेच ओहोटीला खाडीत उतरून कालवे आणि मुळे गोळा करणाऱ्या स्त्रियांचे ज्ञान याच जातीचे आहे. ते अचूकच असते असा दावा नाही. शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयासारखी संस्था याच जिल्ह्यात असताना ते ज्ञान नोंदवून कसोटीला लावणे सहज शक्य आहे. कसोटी न लावताच ते फेटाळणे हे मात्र शास्त्रीय वृत्तीशी विसंगत आहे.

राहिला इंजिनाचा मुद्दा, आणि सर्वांत अधिक बुद्धिभेद करणारा तोच आहे. इन्युइट शिकारी आज कुत्र्यांच्या घसरगाडीऐवजी बर्फावर चालणारी यंत्रगाडी वापरतो आणि भाल्याऐवजी बंदूक हाती धरतो, पण सीलचे मांस नातलगांत व शेजाऱ्यांत वाटण्याची रीत त्याने सोडलेली नाही. परंपरा साधनांच्या जुनेपणावर मोजली, तर जगातील एकही कष्टकरी समाज तिच्यावर हक्क सांगू शकणार नाही, कारण सुती जाळे जाऊन नायलॉनचे आले ते कष्ट आणि खर्च वाचावा म्हणून. वाटे पाडण्याचे नियम, ठरलेली पाळी आणि पावसाळ्यात नौका ओढून ठेवण्याचा संकेत यांत ती टिकून असते. आज १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी कायद्याने पाळावी लागते. नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्रात न जाण्याचा संकेत किनाऱ्यावर त्याच्या कितीतरी आधीपासून होता.

म्हणून परंपरागत मच्छीमारांची मागणी दयेची नसून अधिकाराची आहे. कॅनडातील इन्युइटांनी १९९३ च्या नुनावुत करारातून वन्यजीव व्यवस्थापन मंडळ मिळवले. त्यात इन्युइट संघटनांनी आणि शासनांनी नेमलेले सदस्य एकत्र बसून शिकारीच्या मर्यादा ठरवतात, आणि अंतिम शब्द मंत्र्याचा असला तरी मंडळाला वगळून निर्णय होत नाही. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ च्या चौकटीत समित्या आहेत, पण त्या सल्लागार आहेत. मिरकरवाडा, हर्णै, जयगड, साखरीनाटे येथील लहान मच्छीमारांच्या सहकारी संस्थांचे प्रतिनिधी, मासळी विकणाऱ्या स्त्रियांसह, जिल्ह्याच्या समितीवर मताच्या अधिकाराने बसले पाहिजेत, परवान्याच्या नूतनीकरणाआधी त्यांची संमती घेतली गेली पाहिजे, आणि गस्ती नौकेने कोणती नौका कोठे पकडली व तिला काय दंड झाला याची नोंद त्यांना दरमहा पाहता आली पाहिजे. यांतील एकाही गोष्टीसाठी पर्ससीन समूळ बंद करावी लागत नाही, म्हणून तिच्या समर्थकांना या मागणीला विरोध करण्याचे सबळ कारण उरत नाही.