फुफूंची त्रिकोणी शाल

फुफूंची शाल अखेर पाचगणीला पोहोचली. ऑगस्टमध्ये सुईवर घेतली होती, ऑक्टोबर संपायच्या आत देईन असं कबूल केलं होतं आणि दिली डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. तोवर तिकडे चांगलीच थंडी पडली होती. गेल्या वर्षभरात जाळीच्या शालीबद्दल बऱ्याच भगिनींनी विचारलं, म्हणून या महिन्यात तिच्याविषयीच लिहिते, माझ्या चुकांसकट.

मला विणायला फुफूंनी शिकवलं. तिथल्या निवासी शाळांतल्या मुलांचे स्वेटर विणण्यात त्यांची उमेद गेली. आता काचबिंदूमुळे त्यांना जवळजवळ दिसत नाही. बोटं मात्र अजून तशीच आहेत. सकाळी अंगणात बसताना खांद्यावर जड काही नको, पण ऊब हवी, एवढीच त्यांची मागणी. त्यासाठी जाळीच्या शालीसारखं दुसरं काही नाही, कारण धाग्यांमधल्या मोकळ्या जागेत हवा अडकते आणि वजन होत नाही.

पहिली गोष्ट लोकरीची. आपल्या बाजारात ‘लोकर’ म्हणून मिळते ती बहुतेक ॲक्रिलिक असते. स्वेटरला ती चालते. जाळीच्या शालीला चालत नाही, कारण खरी लोकर ओली करून ताणली की वाळल्यावर तशीच राहते आणि ॲक्रिलिक पुन्हा आकसतं. वरून इस्त्री फिरवा असं कुणी सांगेल. मी सांगणार नाही, कापड निर्जीव होतं. बारीक, खऱ्या मेंढीच्या लोकरीचा १०० ग्रॅमचा गुंडा घ्या आणि सुई मात्र धाग्याच्या मानाने जाड, ८ नंबरची, म्हणजे ४ मिलिमीटरची. शेवटी तीनशेच्या आसपास टाके होतात, ते सरळ सुईवर मावत नाहीत, म्हणून लांब वायरची गोल सुई लागते.

त्रिकोण मानेपासून सुरू होतो. ३ टाके घालून ६ ओळी सुलट विणा. मग सुई न वळवता त्या पट्टीच्या बाजूने ३ टाके उचला, सुरुवातीच्या कडेचे ३ उचला. झाले ९. दोन्ही कडांचे तीन-तीन टाके शेवटपर्यंत सुलट, मधला एक टाका शालीचा कणा. प्रत्येक सुलट ओळीत चार ठिकाणी धागा पुढे घ्यायचा: दोन्ही कडांच्या आतून आणि कण्याच्या दोन्ही बाजूंना. म्हणजे दर दोन ओळींना ४ टाके वाढतात. उलट ओळीत काही करायचं नाही, फक्त विणायचं आणि मोजायचं.

नक्षी या वाढीच्या आत बसते. नक्षीत धागा पुढे घेतला की छिद्र होतं आणि एक टाका वाढतो. तो कुठेतरी दोन टाके एकत्र विणून कमी करावा लागतो. दोन सुलट एकत्र विणले तर टाका उजवीकडे कलतो. दोन टाके न विणता सरकवून मागच्या बाजूने एकत्र विणले तर डावीकडे. पानाच्या दोन कडा अशाच एकमेकींकडे झुकतात. सगळी जाळी एवढ्यावर उभी आहे.

आता वेळेचं. पहिल्या आठवड्यात माझ्या ५० ओळी झाल्या आणि मी फुफूंना फोनवर सांगून टाकलं की महिन्याभरात देते. माझी शाल १४० ओळींची होती. टाके मोजून पाहिले असते तर कळलं असतं, की पहिल्या ५० ओळींत सगळ्या कामाचा जेमतेम सातवा हिस्सा होतो. अर्धं काम ९८ व्या ओळीच्या आसपास येतं, कारण शेवटच्या ओळीत २८९ टाके असतात. लोकरीचंही तसंच. ओळी पाऊण झाल्या म्हणून पाव गुंडा पुरेल असं समजू नका. स्वयंपाकघरातल्या काट्यावर गुंडा तोलत जा. दोन ओळींना किती ग्रॅम लागले ते पाहा आणि टाके सैल बंद करण्यासाठी आणखी दोन-तीन ओळींची लोकर बाजूला धरा.

आणि दोरा. ५८ व्या ओळीत मी मोजले तर १२५ ऐवजी १२४ टाके. चूक शोधायला थोडं उसवू म्हणून सुई काढली आणि टाके खाली पळाले. साध्या विणीत ते परत उचलता येतात. जाळीत एकत्र विणलेले टाके सुटतात, पुढे घेतलेला धागा नुसताच लोंबतो, आणि कुठला टाका कुणाचा ते कळत नाही. दोन संध्याकाळी झगडले. मग सगळं उसवून गुंडा केला.

दुसऱ्या वेळी दर १० व्या ओळीला, उलट ओळ संपल्यावर, शिवणाच्या सुईत वेगळ्या रंगाचा गुळगुळीत सुती दोरा ओवून तो सगळ्या टाक्यांतून नेला. खुणेच्या रिंगांतून तो जाऊ देऊ नका, नाहीतर रिंगा अडकून बसतात. पुढे चूक झाली तर त्या दोऱ्यापर्यंत बिनधास्त उसवता येतं.

११७ व्या ओळीत नक्षी एक टाका सरकलेली दिसली. ११३ व्या ओळीत एके ठिकाणी धागा पुढे घ्यायचा राहिला होता. दोरा ११० व्या ओळीत होताच. पण म्हणजे दीड हजाराहून जास्त टाके उसवायचे, आणि नोव्हेंबर निम्मा सरला होता. मी क्रोशाच्या सुईने दोन टाक्यांमधला आडवा धागा उचलला, वर आणला आणि पुढे गेले. डोळ्यांना काही दिसत नव्हतं.

सुईवरून उतरलेली शाल पाहून मात्र कुणीही निराश होईल. चुरगळलेलं फडकं दिसतं. कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा. मग गादीवर चादर पसरून न गंजणाऱ्या टाचण्यांनी ताणून बसवा: आधी वरची कड, मग कणा सरळ, मग खालची टोकं एकेक करून. स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवरच्या बाया यासाठी लाकडी चौकटी वापरत. त्यांच्या अतिबारीक शाली लग्नाच्या अंगठीतून ओवता येत, अशी ख्याती आहे. आपल्याकडे अंगठीची ही गोष्ट काश्मिरी शालींबद्दल सांगतात, पण त्या मागावर विणलेल्या. सुयांवरची ही जाळी वेगळी. माझी शाल पंख्याखाली दीड दिवस वाळली. टाचण्या काढल्या तेव्हा पानं उघडून बसली होती.

पाचगणीला फुफूंनी ती मांडीवर घेतली आणि काही न बोलता कडेपासून बोटं फिरवायला लागल्या. कणा सापडला तेव्हा हसल्या. मग उजव्या अंगाला, खालच्या कडेपासून वीतभर वर, बोट थांबलं. मागे गेलं, पुन्हा तिथेच आलं.

“इथली जाळी आखडली आहे, बेटा. मागाहून उचललास का?”

मी हो म्हटलं.

“दोरा घातला नव्हतास?”

“घातला होता, फुफू. पण उशीर होत होता.”

“शाळेच्या स्वेटरला मी असं केलं असतं तर त्यांच्या मेट्रनबाईंनी परत पाठवला असता,” त्या म्हणाल्या. मग शाल खांद्यावर घेतली, टोकं पुढे ओढून गाठ मारली आणि मला म्हणाल्या, “राहू दे. आता चहा टाक.”

गुंड्यातली १८ ग्रॅम लोकर उरली आहे. ती त्यांनी ठेवून घेतली.