त्याग आणि कुंपण

केंब्रिज येथील मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या प्रयोगशाळेत सेझार मिल्स्टाइन व जॉर्ज कोहलर यांनी १९७५ मध्ये एक विलक्षण संकर घडवून आणला. उंदराच्या प्लीहेतील प्रतिपिंड निर्माण करणारी पेशी गुणी, पण अल्पायुषी; कर्कपेशी दीर्घायुषी, पण निरुपयोगी. या दोहोंच्या संयोगातून एकाच जातीचे प्रतिपिंड अखंड स्रवणारी पेशी सिद्ध झाली. कर्करोगापासून संधिवातापर्यंतच्या अनेक आधुनिक औषधांचे मूळ या प्रयोगात आहे. १९८४ मध्ये नील्स येर्ने यांच्यासह या दोघांना नोबेल मिळाले. पेटंट मात्र मिळाले नाही. कौन्सिलने कळवूनही ब्रिटनच्या संबंधित महामंडळाला या शोधाचा तात्काळ व्यावहारिक उपयोग दिसला नाही. १९७६ मध्ये तसे पत्रच आले. तोवर शोधनिबंध प्रसिद्ध होऊन वर्ष उलटले होते आणि छापून आलेल्या गोष्टीला नावीन्य उरत नाही. पुढे मिल्स्टाइन यांच्याच प्रयोगशाळेतून गेलेल्या पेशींच्या आधारे अमेरिकेतील विस्टार संस्थेने विषाणू व कर्कगाठींविरुद्धच्या प्रतिपिंडांची पेटंटे मिळविली. ब्रिटन यातून शिकला. ग्रेग विंटर यांनी त्याच केंब्रिजमध्ये उंदराच्या प्रतिपिंडाला मानवी रूप देण्याची पद्धत शोधली, तेव्हा तिचे पेटंट वेळीच घेतले गेले.

लेसरची कथा याहून विचित्र. गॉर्डन गोल्ड यांनी नोव्हेंबर १९५७ मध्ये आपल्या वहीतील आकडेमोडीवर नोटरीचा शिक्का घेतला (तो नोटरी मिठाईचा दुकानदार होता!), पण प्रत्यक्ष यंत्र तयार झाल्याविना अर्ज करता येत नाही, अशा गैरसमजात ते थांबले. टाउन्स व शॉलो यांनी १९५८ मध्ये अर्ज केला. गोल्ड यांना पहिले यश मिळाले ते १९७७ मध्ये. पुंज प्रकाशशास्त्राची बहुतेक प्रयोगशाळा आज ज्या किरणावर उभी आहे, त्याच्या मालकीचा वाद असा सुमारे तीस वर्षे चालला.

आपल्याकडे पेटंट या शब्दाकडे संशयाने पाहिले जाते आणि ते अकारण नाही. हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर अमेरिकेत दिलेले पेटंट १९९७ मध्ये रद्द करवून घ्यावे लागले. महागड्या प्रतिपिंड-औषधांपुढे हतबल झालेली कुटुंबेही आपण पाहतो. जगदीशचंद्र बसूंना तर विद्येतून धन मिळविण्याचीच घृणा होती. १९०४ चे त्यांचे अमेरिकन पेटंट स्नेह्यांच्या आग्रहामुळे झाले. हा त्याग वंदनीय आहे. परंतु मोकळे सोडलेले शेत मोकळेच राहते असे नाही. शेजारी त्याला कुंपण घालतो आणि मग मूळ मालकालाच आत जाण्याचे मोल द्यावे लागते. हळदीचा विजय हा दुसऱ्याचे कुंपण उपटण्याचा विजय होता. स्वतःचे पेटंट हाती असणाऱ्या सरकारी संस्थेला ते गरीब रुग्णासाठी स्वस्तात देताही येते. हाती काहीच नसणाऱ्याला हे औदार्य परवडत नाही.

राष्ट्रीय क्वांटम मोहिमेस एप्रिल २०२३ मध्ये ६,००३.६५ कोटी रुपये मंजूर झाले. तिची मुदत २०३०-३१ पर्यंत आहे आणि तिच्या चार केंद्रांपैकी संवेदन व मापनाचे केंद्र मुंबईच्या आयआयटीत आहे. पैसा जनतेचा आहे. तेव्हा किती शोधनिबंध छापले, एवढ्यावर या मोहिमेचे मूल्यमापन होऊ नये. निबंध नियतकालिकाकडे जाण्यापूर्वी तो पेटंटतज्ज्ञाच्या नजरेखालून गेला का, आणि त्यासाठी तरुण संशोधकाला स्वतःच्या खिशाला हात घालावा लागला का, हे संसदेत विचारले गेले पाहिजे.