मुरुडची वाळू म्हणजे पार्किंग नव्हे

2025 च्या जुलैत सुवर्णदुर्ग युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. आनंद मलाही झाला. अभिनंदनाचे बॅनर लावणाऱ्यांना एवढंच विचारतो, किल्ल्यासमोरच्या किनाऱ्याचं आपण काय करतोय?

मुरुड, कर्दे, हर्णै, आंजर्ले, लाडघर ही गावं पर्यटनासाठी कुणी वसवलेली नाहीत. जांभ्याचं घर, मागे नारळी-पोफळीची वाडी, वाडीत विहीर आणि पलीकडे समुद्र. पुण्या-मुंबईची माणसं यायला लागली ती हे बघायला. ओटीवर गाद्या टाकून झोपली, घरातल्या काकूंच्या हातचे मोदक खाल्ले, जाताना कोकम आणि आंबापोळी घेऊन गेली. पैसे थेट काकूंच्या हातात पडले. 'घरगुती राहण्या-जेवणाची सोय' ही पाटी मला किल्ल्याइतकीच वारसा वाटते. हसायचं तर हसा.

मग 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं आणि एका दिवसात वाड्या आडव्या झाल्या. सरकारने फळबागांना हेक्टरी 50 हजार जाहीर केले. अहो, आपल्याकडे हेक्टरात वाडी आहे कुणाची? 10 गुंठ्यांच्या वाडीला त्या हिशोबाने येतात 5 हजार. पडलेली झाडं कापून उचलायची मजुरीसुद्धा त्यात भागत नाही. नवीन पोफळ लावली तर सुपारी हाती यायला सहा-सात वर्षं. मधल्या काळात पोरांच्या फिया कोण भरणार? ज्याने त्या जागेवर चार खोल्या बांधल्या किंवा वैतागून जागाच विकली, त्याला मी नावं ठेवणार नाही.

नावं ठेवायची तर ती जागा घेऊन तीन मजले चढवणाऱ्यांना आणि त्यांच्या कागदांवर सह्या करणाऱ्यांना. समुद्र शंभर पावलांवर, तरी यांना स्विमिंग पूल हवा. पूल भरायला पाणी कुठलं? शेजाऱ्याची विहीर ज्या झऱ्यावर आहे, त्याच झऱ्याचं. किनाऱ्यालगत गोड्या पाण्याचा थर पातळ असतो, उपसा वाढला की खारं पाणी आत शिरतं. वर त्याच वाळूत सेप्टिक टँक. 2022 मध्ये मुरुडच्या एका रिसॉर्टवरून हातोडे नाचवून राज्यभर राजकारण झालं. चॅनेलवाले आले, गेले. बाकीच्यांचं सांडपाणी कुठे जातं, हे कुणीच विचारलं नाही.

आणि त्या गाड्या! ओल्या वाळूत गोल गोल फिरवायच्या, भरतीत अडकल्या की ट्रॅक्टर बोलवायचा, मग आमची बातमी. ही बातमी मी इतक्यांदा लिहिलीय की आता फक्त गाडीचं पासिंग बदलतं. याच वाळूत थंडीत ऑलिव्ह रिडले कासविणी अंडी घालायला येतात. लहान पोरं याच वाळूत किल्ले करतात. गाडीखाली माणूस आल्यावर बंदोबस्त करणार का?

'पत्रकार साहेब, धंदा मारताय आमचा,' असे फोन येतील, माहितीये. धंदा वाचावा म्हणूनच लिहितोय. शेजारच्या मंडणगड तालुक्यातलं वेळास बघा. कासव महोत्सवाला लोक येतात, गावकऱ्यांच्या घरी राहतात, घरचं जेवतात. कायदाही याला आड येत नाही. 2019 च्या सीआरझेड अधिसूचनेत स्थानिकांना आहे त्या घरात, जोतं आणि रूप न बदलता पाहुणे ठेवायची मुभा आहे. ही ओळ किती ग्रामपंचायतींनी गावकऱ्यांना वाचून दाखवली? बिल्डरच्या वकिलाला मात्र अख्खी अधिसूचना पाठ असते.

काँक्रीटच्या खोल्या तर पनवेलच्या अलीकडेही मिळतात. त्यासाठी मुंबई-गोवा हायवेचे खड्डे खात इथवर कोण येणार? वाडीच नसेल तर पाहुण्याला दाखवणार काय, वॉचमनची केबिन?

माझं म्हणणं साधं आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीने गावातल्या खोल्या मोजाव्यात, एप्रिल-मे महिन्यात विहिरींना पाणी किती राहतं ते मोजावं आणि दोन्ही आकडे नोटीस बोर्डावर लावावेत. आकडे जुळत नसतील तिथे नवीन खोलीला ना हरकत देऊ नये. पर्यटन करातून वाळूच्या तोंडाशी दगडी खांब रोवावेत, गाडी आत जाता कामा नये. आणि जो पुन्हा पोफळ लावेल, त्याच्या घरपट्टीत ती सहा-सात वर्षं सूट द्यावी.

पुढच्या ग्रामसभेत हे लेखी देणार आहे. सही करायची असेल त्याने कमेंटमध्ये गावाचं नाव टाका, कागद घेऊन मी येतो.