जर्नलवाल्यांना, धाराशिवहून

प्रति,
जगातल्या मोठ्या विज्ञान-नियतकालिकांचे प्रकाशक,



तुम्ही मला ओळखत नाही. मी धाराशिव जिल्ह्यातल्या एका अनुदानित कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. इथून समुद्र लांब, तरी एम.एस्सी.च्या मुलांना मी दरवर्षी प्रवाळाचं प्रजनन शिकवतो, आणि मनापासून शिकवतो. बालाघाटाच्या डोंगरात बसून प्रवाळ कशाला, असं तुम्हाला वाटेल. तर तुळजाभवानीच्या आराध्यांच्या गळ्यातल्या माळेची कवडी ही प्रवाळांच्या उथळ, उबदार समुद्रात वाढणारी गोगलगाय आहे. आमच्या तेरचं जुनं नाव तगर. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत तगरचं कापड भडोचला जातं, आणि त्याच भडोच बंदरात उतरणाऱ्या मालात पोवळंही आहे. म्हणजे या विषयाशी आमचं नातं तुमच्या कंपन्यांपेक्षा बरंच जुनं आहे.

शिकवताना माणूस रंगून जावा असाच हा विषय आहे. जागेवर खिळलेला जीव जोडीदाराकडे जाणार कसा? म्हणून पुष्कळसे प्रवाळ वर्षातून एकदाच, पौर्णिमेनंतरच्या ठरावीक रात्रींत, अंधार पडल्यावर अंडी आणि शुक्राणूंची गुलाबी गाठोडी पाण्यात सोडतात. ती वर तरंगत जातात, फुटतात, दुसऱ्या वसाहतीतल्या बीजांशी मिसळतात. शेजारपाजारच्या कितीतरी जाती हाच मुहूर्त गाठतात. चार-पाच दशकांपूर्वीपर्यंत विज्ञानाला याचा पत्ता नव्हता. मग ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट बॅरियर रीफवर काही तरुण संशोधक रात्री-अपरात्री पाण्यात उतरले. त्यांनी पाहिलेलं १९८४ मध्ये ‘सायन्स’ या जर्नलमध्ये छापून आलं आणि १९८६ मध्ये १०५ जातींच्या नोंदी एकत्र आल्या. २०१९ मध्ये लाल समुद्रातून वाईट बातमी आली. तिथल्या काही जातींचा ताळमेळ बिघडलाय. एकाच जातीच्या वसाहती वेगवेगळ्या रात्री बीजं सोडतात आणि नवी पिल्लं जवळजवळ दिसत नाहीत.

हे सगळं मी वर्गात सांगतो तेव्हा मागच्या बाकावरची मुलंही मोबाइल खाली ठेवतात. अडचण त्यानंतर सुरू होते, कारण मुलं प्रश्न विचारतात.

मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास प्रवाळ आहेत. १९८७ पासून तो भाग सागरी अभयारण्य आहे, आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी तिथले प्रवाळ उष्णतेने पांढरे पडल्याच्या नोंदी केल्या आहेत. त्यावरून माझ्या एका विद्यार्थिनीने विचारलं, “सर, पांढरं पडलेलं प्रवाळ जगलं, तर पुढच्या वर्षी अंडी देतं का?” याहून चांगला प्रश्न मला एवढ्या वर्षांत कुणी विचारलेला नाही. यावर जगात काम झालंय. बऱ्याचदा देत नाही, कारण जगण्यातच सगळी शक्ती संपते. पण हे तिने माझ्या तोंडून का ऐकावं? तिला मूळ पेपर वाचायचे होते. तिला सारांश दिसला, लेखकांची नावं दिसली, आणि खाली तुमची पाटी: तीस-चाळीस डॉलर, एका पेपरचे. तेवढ्यात तिची महिन्याची खानावळ भागते. तिने मोबाइल बंद केला आणि म्हणाली, “राहू द्या सर.” त्या ‘राहू द्या’चा राग मला अजून आहे, आणि तो तिच्यावर नाही.

बरंचसं संशोधन सरकारी पैशातून होतं. पेपर लिहिणाऱ्याला तुम्ही छदाम देत नाही, तपासणाऱ्यालाही नाही. शेतकऱ्याने सोयाबीन फुकट घालायचं, निवडून-पाखडूनही त्यानेच द्यायचं, आणि तेलाच्या डब्याला मात्र रोख मोजायचं, तसा हा धंदा. तुमच्यातल्या सर्वांत मोठ्या कंपनीचा वैज्ञानिक विभाग १०० रुपयांच्या विक्रीमागे ३५ रुपयांहून जास्त नफा काढतो. हे तिच्याच वार्षिक हिशोबात आहे.

‘एक राष्ट्र, एक सबस्क्रिप्शन’ झालं ना, असं तुम्ही म्हणाल. झालं. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने जर्नल्सच्या वर्गणीसाठी तीन वर्षांचे ६,००० कोटी रुपये मंजूर केले: ३० प्रकाशक, जवळपास १३,००० जर्नल्स. ज्यांना मिळालं त्यांच्याबद्दल आनंद आहे. पण योजना सरकारच्या व्यवस्थापनाखालच्या संस्थांसाठी आहे, आणि मराठवाड्यातली खेड्यापाड्यातली कॉलेजं बहुतेक शिक्षणसंस्थांची आहेत. आमचं त्या यादीत नाही.

मग ‘ओपन ॲक्सेस’ म्हणाल. २०२१ मध्ये नव्वदहून अधिक शास्त्रज्ञांनी हिंद-प्रशांत महासागरातल्या तीनशेहून जास्त प्रवाळ-जातींच्या प्रजननाच्या नोंदी एकत्र करून खुल्या केल्या. त्या आम्ही वर्गात बसल्या बसल्या उतरवून घेतल्या आणि दोन तास त्यातच रमलो. त्या शास्त्रज्ञांचे पाय धरावेत. पण दार वाचणाऱ्याला उघडं ठेवायचं तर लिहिणाऱ्याकडून पैसे घ्यायचे, ही तुमची रीत. ‘नेचर’ने २०२१ पासून यासाठी पेपरमागे ९,५०० युरो लावले, म्हणजे आठ लाख रुपयांहून जास्त. गरीब देशांना फी माफ असते, पण तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या माफीच्या यादीत भारत नाही, कारण देशाचं एकूण उत्पन्न मोठं. ते धाराशिवपर्यंत किती पोचतं ते इथे येऊन बघा.

खरं लागतं ते वेगळंच. तुमच्याकडून मला एरवी जे पत्र येतं ते नकाराचं, यंत्राने लिहिलेलं, नावाच्या जागी ‘प्रिय लेखक’. आणि मला आदराने, जवळजवळ प्रेमाने पत्रं कोण लिहितं? भामटे. ‘परमपूज्य प्राध्यापक महोदय, आपल्या थोर संशोधनाने आम्ही भारावलो आहोत, कृपया आमच्या जर्नलसाठी लिहा.’ दोन-तीन हजार रुपये भरा, आठवड्यात छापून मिळेल. पदोन्नतीसाठी पेपरचे गुण हवेत, खऱ्या दारात उभं करत नाहीत, आणि हे मात्र पायघड्या घालतात. या बाजाराला गिऱ्हाईक तुम्हीच पुरवलं. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातल्या भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये दाखवलं की विद्यापीठांच्या शिफारशीने विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) मान्य जर्नल्सच्या यादीत शिरलेल्या, तपासलेल्या १,००९ जर्नल्सपैकी ८८ टक्क्यांहून जास्त सुमार दर्जाची होती. त्याच वर्षी मे महिन्यात यूजीसीने ४,३०५ जर्नल्स यादीतून काढली. पुढे यूजीसीचीच नवी ‘केअर’ यादी आली, २०२५ मध्ये तीही गेली. आता कोणतं जर्नल खरं हे ज्याचं त्याने ठरवायचं. वाचायला न मिळालेल्या माणसाने दर्जा ओळखायचा तो कसा?

आणि तुमचा दर्जा? प्रवाळाच्या अळ्या आणि लहान मासे ऱ्हास झालेला रीफ वासावरून ओळखून टाळतात, असा देखणा पेपर २०१४ मध्ये सर्वांत मोठ्या जर्नलांपैकी एकात आला. तो मागे घ्यायला ऑगस्ट २०२२ उजाडलं. आठ वर्षं! आमच्या मालवणवरच्या पेपरवर मात्र ‘स्थानिक महत्त्वाचा’ असा शेरा मारून दोन दिवसांत परत. मालवण स्थानिक, मग ऑस्ट्रेलिया कुठला?

इकडे समुद्र थांबत नाही. जानेवारी २०२३ पासून पुढच्या दोन-सव्वादोन वर्षांत जगातल्या ८४ टक्के प्रवाळक्षेत्राने पांढरं पडण्याइतकी उष्णता सोसली. त्यातलं कोणतं पुन्हा विणलं, कोणतं नाही, याच्या नोंदी आज कुणीतरी घेत असेल. त्या तुमच्या कुलपात जाऊन पडायच्या आहेत.

गेल्या आठवड्यात तुमच्यापैकी एकाचा ईमेल आला, आणि चक्क माझ्या नावाने! प्रवाळावरचा एक पेपर तपासून द्याल का, तीन आठवड्यांत, विनामोबदला. आभार म्हणून तुमच्या सगळ्या जर्नल्सचं वाचन मला ३० दिवस मोफत.

मी हो म्हटलंय. त्या ३० दिवसांत काय काय उतरवून घ्यायचं याची यादी मुलांनी फळ्यावर लिहायला घेतली आहे, आणि मालवणचा प्रश्न विचारणारीने पहिल्या ओळीत आपले चार पेपर घुसवलेत. तुमचा अभिप्राय वेळेत पाठवतो.

कळावे,
प्राणिशास्त्राचा एक अध्यापक,
धाराशिव