कुंडीतला पाम का रुसतो?

बेंगळुरूजवळच्या देवनहळ्ळीत २००८ साली विमानतळ सुरू झाला आणि आसपास सदनिकांच्या इमारती उभ्या राहिल्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये उद्घाटन झालेल्या तिथल्या दुसऱ्या टर्मिनलमध्ये तर छतापासून हिरवीगार रोपे लोंबतात. ती पाहून आपल्याही दिवाणखान्यात एखादा पाम असावा, असे कुणालाही वाटेल. रोपवाटिकेतून हौसेने अरेका पाम आणला जातो. दोन-तीन महिने तो ऐटीत डोलतो आणि मग पानांची टोके तपकिरी पडू लागतात. घाबरून पाणी वाढवले जाते, वर मूठभर खतही पडते. रोप आणखीच खंगते.

औषधापूर्वी दुखणे ओळखावे. सर्वांत खालची एक-दोन जुनी पाने वाळत असतील, तर ते त्यांचे म्हातारपण समजावे. माती सतत ओली, कुंडीला आंबूस वास आणि पाने पिवळी असतील, तर मुळे कुजू लागली आहेत. अशा वेळी रोप अलगद बाहेर काढून काळी, मऊ मुळे कापावीत आणि लाल माती, वाळू व कोकोपीटच्या भुसभुशीत मिश्रणात पुन्हा लावावे. कुंडी मोठी घेऊ नये. जादा माती जादा पाणी धरून ठेवते. पानांमागे बारीक जाळी दिसली, तर तो लाल कोळी. कोरड्या हवेत तो फोफावतो. दोन्ही बाजूंनी पाने ओल्या फडक्याने पुसत राहावे.

पण केवळ टोकेच करपत असतील आणि मातीवर पांढरा थर दिसत असेल, तर संशय पाण्यावर घ्यावा. देवनहळ्ळीच्या परिसरात बारमाही नदी नाही. मदार मुख्यतः बोअरवेलवर आणि ते पाणी बहुधा जड. त्यातले क्षार कुंडीत साठत जातात. त्यात आर.ओ. फिल्टरमधून बाहेर पडणारे पाणी वाया जाऊ नये म्हणून बादलीत साठवून झाडांना घातले जाते. ही काटकसर एरवी कौतुकाची, पण त्या पाण्यात क्षार अधिकच दाट झालेले असतात. ते फरशी पुसायला वापरावे. पाणी मऊ करणाऱ्या यंत्राचे पाणीही पामला नको, कारण त्यात सोडियम वाढलेले असते.

पावसाचे पाणी सर्वांत उत्तम. गच्चीवरचे पहिल्या सरींचे पाणी सोडून द्यावे, नंतरचे झाकणाच्या पिंपात भरावे. ते नसेल तर आर.ओ.चे शुद्ध पाणी चालेल. एकदा कुंडी न्हाणीघरात ठेवून असे चांगले पाणी भरपूर ओतावे आणि तळाच्या भोकातून वाहून जाऊ द्यावे. साठलेले क्षार धुऊन निघतात. त्यानंतर वरची दोन पेरे माती कोरडी झाल्यावरच पाणी घालावे. नवे पान येईपर्यंत खताला हात लावू नये.

पूर्वेच्या खिडकीजवळचा उजेड अरेकाला मानवतो. दुपारचे थेट ऊन पाने भाजते.

करपलेली टोके पुन्हा हिरवी होत नाहीत. तेवढाच भाग कात्रीने कापावा, हिरवे पान तोडू नये. आणि शेंडा तर कधीच छाटू नये! पामच्या प्रत्येक खोडाला वाढीचा एकच कोंब असतो. तो गेला की ते खोड संपले. मधले मिटलेले पान हलकेच ओढून पाहावे. ते सडून हातात आले तर ते खोड बुंध्याशी कापावे. अरेकाला बाजूची खोडे असतात, ती वाचू शकतात. पान घट्ट असेल, तर दोन-तीन महिने वाट पाहावी.