मोठेपणी कोण होणार?

दिवाळीच्या फराळाला आलेला पाहुणा घरच्या मुलाला हटकून एक प्रश्न विचारतो, ‘काय रे, मोठेपणी कोण होणार?’ मुलाने ‘डॉक्टर’ म्हटले की आई कृतार्थ होते आणि पाहुण्याच्या बशीत आणखी एक करंजी पडते. ‘गवंडी’ म्हटले की सारे हसतात. मग पाहुणा उपदेशाला बसतो : स्वप्ने मोठी पाहावीत; गरिबांची पोरे मागे राहतात ती महत्त्वाकांक्षा नसल्यामुळे!

हे शुद्ध थोतांड आहे, आणि शास्त्राच्या नावावर खपवले जाते म्हणून अधिक घातक आहे.

शास्त्र काय म्हणते? अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात १९५७ साली शाळेच्या अखेरच्या वर्षातील मुलांची पाहणी झाली. तिच्या आधारे स्यूएल, हॉलर आणि पोर्टेस यांनी १९६९ साली दाखवले की, मुलाच्या आकांक्षेचा त्याच्या पुढील शिक्षणाशी आणि हुद्द्याशी संबंध असतो. आमच्या व्याख्यात्यांनी एवढेच उचलले. ती आकांक्षा आईबाप, शिक्षक आणि सोबती यांच्या अपेक्षांतून घडते, हा त्याच सिद्धांताचा दुसरा अर्धा भाग त्यांनी सोयीस्करपणे गाळला!

पॉल विलिस या इंग्रज अभ्यासकाने १९७७ साली बारा कामगारपुत्रांची हकीकत लिहिली. ती पोरे शाळेची टिंगल करीत. अभ्यासाने साऱ्यांचेच भले होत नाही, हे त्यांनी ओळखले होते. पण ती टिंगलच त्यांना बापाच्या वाटेने मजुरीकडे घेऊन गेली. मुंबईत जन्मलेल्या अर्जुन अप्पादुराईंनी २००४ साली आकांक्षेला वाट काढण्याची शक्ती म्हटले. सुखवस्तू घरात वाटांचा नकाशा मुलाला आयताच मिळतो. गरिबाच्या नकाशावर वाटाच थोड्या.

मी मास्तर, स्वतः मॅट्रिकपलीकडे गेलो नाही. एका गवंड्याच्या मुलाचे गणित उत्तम होते. तरी ‘तुला आता लवकर कामाला लागायचे असेल,’ असे मीच त्याला म्हणालो. त्याने मुकाट्याने मान हलवली आणि पुढे तो खरोखरच कामाला लागला. उणी कोणती होती? त्याची आकांक्षा, की माझी अपेक्षा?

कोणी म्हणेल, ‘मग मास्तर, गवंडीकाम हलके का?’ मुळीच नाही. चार वाटा ठाऊक असून जो हाती थापी धरतो, त्याला माझा नमस्कार. पण ज्याला एकच वाट दिसली, त्याने ती ‘निवडली’ असे म्हणू नका.

तेव्हा यंदा पाडव्याला प्रश्न विचारायचाच असेल, तर तो स्वतःला विचारा : या मुलाला मी कोणती वाट दाखवली? फॉर्म भरायला त्याच्यासोबत गेलो का? शिष्यवृत्तीची तारीख त्याच्या बापाला सांगितली का? उत्तर ‘नाही’ असेल, तर गुपचूप करंजी खावी आणि उपदेश आवरावा.